वीस गुणांचं जर्नल आणि आठवी ‘ब’ची उधारी

गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरवाले छापतात, पण नाशिककर एकमेकांना विचारतात ते वेगळंच, दुतोंड्या मारुतीला (नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती) पाणी कुठपर्यंत आलंय? घोट्याला, कमरेला, छातीला. एवढ्या एका उत्तरावर सराफ बाजारातली मंडळी दुकानातलं सामान वर उचलायचं का नाही ते ठरवतात. मोजमाप म्हणून मला ते भारी वाटतं, फुकट आहे, लगेच दिसतं, सगळ्यांना कळतं. फक्त खाली चांदोरी-सायखेड्यात काय अवस्था आहे ते मारुतीकडं बघून कळत नाही, आणि कळेल असा दावा मारुतीने कधी केलेलाही नाहीये.

मारुती आठवायचं कारण म्हणजे ही केस गेल्या पावसाळ्यातली. मी गंगापूर रोडच्या बाजूच्या एका बीएड कॉलेजात लायब्ररियन आहे (नाव राहू द्या, नोकरी अजून बाकी आहे). आमच्या एक असोसिएट प्रोफेसर मॅडम आहेत, त्यांचा एक पेपर तयार होत आला होता आणि त्यांना तो ‘एनपीजे सायन्स ऑफ लर्निंग’ या जर्नलला, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला, पाठवायचा होता. ओपन अॅक्सेस जर्नल, म्हणजे वाचणाऱ्याला फुकट आणि छापणाऱ्याला फी. ती फी रुपयांत लाखांच्या घरात जाते, तर मॅडमनी संस्थेकडं मदतीचा अर्ज टाकला, सोबत असंही लिहिलं की याच जर्नलमधल्या संशोधनावर आपण आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेऊ. संशोधन समितीची मीटिंग लागली, बाहेर धो धो पाऊस, मामांनी चहा ठेवला, आणि अर्जाचं पहिलं पान उलटायच्या आत प्रश्न आला, इम्पॅक्ट फॅक्टर किती?

प्राचार्य माझ्याकडं बघून म्हणाले, सर, तुम्ही दोन पानी टिपण द्या, या जर्नलचा इम्पॅक्ट काय आहे ते. आठवड्यात द्या.

आठवड्याचे तीन आठवडे झाले.

आधी जर्नलबद्दल थोडं. २०१६ ला सुरू झालं, प्रकाशक स्प्रिंगर नेचर, भागीदार ऑस्ट्रेलियातली युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलँड, आणि पहिले मुख्य संपादक पंकज साह म्हणून मेंदूशास्त्रज्ञ. म्हणजे ज्याला आपण शिक्षणशास्त्राचं जर्नल म्हणतो तसं हे नाही. एका पेपरात उंदराच्या मेंदूतली पेशी, पुढच्या पेपरात कॉलेजातली पोरं फिजिक्सची गणितं सोडवतायत. शिकणं म्हणजे नक्की काय होतं, हा एकच प्रश्न, बाजू मात्र भलत्याच वेगळ्या.

आता इम्पॅक्ट फॅक्टर. समितीत पाच जण होतो आणि पाचही जण हा शब्द वर्षानुवर्षं वापरतायत, पण तो निघतो कसा ते विचारल्यावर तिघं खिडकीबाहेर बघायला लागले. प्रकार सोपा आहे. समजा २०२४ चा आकडा काढायचाय, तर जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये जे काही छापलं त्याला २०२४ या एका वर्षात किती ठिकाणी उद्धृत केलं गेलं ते मोजायचं, आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. झालं. ही सगळी कल्पना यूजीन गारफील्ड यांची, १९५५ मध्ये त्यांनी सायटेशन इंडेक्सचा (कुठल्या पेपरला कोणी उद्धृत केलं त्याच्या सूचीचा) प्रस्ताव मांडला, १९६४ ला सायन्स सायटेशन इंडेक्स आला आणि १९७५ पासून जर्नलांचे आकडे रिपोर्टमध्ये यायला लागले. म्हणजे आमच्या धंद्याची कल्पना आहे ही, शोधायच्या सोयीसाठी आणि कुठली जर्नलं लायब्ररीत ठेवायची ते ठरवायला. प्राध्यापकाची बढती ठरवायला नव्हे.

पण आपल्याकडं ती ठरते. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत संशोधन गुणांचा तक्ता आहे, तो मी तिघांच्या केबिनमध्ये भिंतीवर चिकटवलेला बघितलाय. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेलं रेफरीड (छापायच्या आधी पेपर तज्ज्ञांकडून तपासून घेणारं) जर्नल असेल तर ५ वाढीव गुण, एकच्या आत असेल तर १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, आणि दहाच्या वर ३०. दोन लेखक असले तर प्रत्येकी ७० टक्के. आणि गंमत बघा, त्यात लिहिलंय की हा आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीवरून घ्यावा, जेव्हा की थॉमसन रॉयटर्सने तो धंदाच २०१६ मध्ये विकून टाकला होता, आता तो क्लॅरिव्हेटकडं आहे. दोन वर्षांनी निघालेल्या नियमात जुन्या मालकाचं नाव. घरपट्टी जशी वारलेल्या आजोबांच्या नावाने येत राहते तसं.

तर मॅडमचं जर्नल मी बघितलं तेव्हा दोन ते पाचच्या कप्प्यात बसत होतं. म्हणजे २० गुण. समितीच्या दृष्टीने टिपण इथंच संपलं होतं, कारण तक्त्याला २.१ आणि ४.९ मधला फरक दिसतच नाही. तेवढ्यात आमचे एक सदस्य म्हणाले की एक अंकी म्हणजे कमीच की, मी तर अडीचशेच्या वरचं ऐकलंय. बरोबर ऐकलं होतं, कॅन्सरच्या डॉक्टरांसाठीचं एक जर्नल आहे त्याचा २०२२ चा आकडा २५४.७ होता. पण कॅन्सरचे डॉक्टर जगात किती, ते पेपर किती झपाट्याने लिहितात, आणि शिकण्यावर संशोधन करणारे किती, याची तुलना म्हणजे द्राक्षाचा आणि कांद्याचा भाव एका पाटीवर लिहिण्यासारखं झालं.

कांद्याचं निघालंच आहे तर बोलतो, कारण मीटिंगमध्ये हेच उदाहरण चाललं. लासलगावला लिलाव झाला की बाजार समिती तीन आकडे देते, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेतकऱ्याला तिन्ही लागतात कारण त्याला माहितीये की कमाल भाव एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो. जर्नलवाले मात्र एकच आकडा देतात, सरासरी, आणि सायटेशनमध्ये तर कांद्यापेक्षा वाईट प्रकार आहे, मूठभर पेपर सगळा भाव खाऊन जातात. नेचरसारख्या नेचरचा २०१५ चा आकडा ३८.१ होता, आणि तो ज्या पेपरांवरून निघाला त्यातल्या जवळपास पाऊण पेपरांना त्या वर्षी ३८ सुद्धा सायटेशन मिळाली नव्हती. म्हणजे चारातले तीन सरासरीच्या खाली. मग नेचरमध्ये छापून आलेल्या एखाद्या पेपरला ३८ चा मान देणं म्हणजे कमाल भावाच्या पट्टीने सगळ्या गावाचा कांदा मोजणं. प्राचार्य स्वतः चांदवडकडचे, ते लगेच मान हलवायला लागले. पीटर सेग्लेन यांनी हे १९९७ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून ठेवलंय, डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी डोरा नावाचा जाहीरनामाच काढला की माणूस मोजायला जर्नलचा आकडा वापरू नका, २०१५ ला तसंच बजावणारा लायडेन मॅनिफेस्टो आला. सगळं वाचून झालंय सगळ्यांचं. तक्ता भिंतीवर तसाच आहे.

पण मला समितीला नुसतं दोषी धरायचं नाहीये, त्यांची भीती खरी आहे. आपल्याकडं आकडा मागण्यामागं एक इतिहास आहे. २००९ पासून पीएचडीला थीसिस टाकायच्या आधी एक पेपर छापलाच पाहिजे असा नियम होता (२०२२ ला गेला), त्यातून नुसती दुकानं उघडली, पैसे भरा, तीन दिवसांत छापून घ्या, वर कुठल्यातरी भलत्याच कंपनीचा इम्पॅक्ट फॅक्टर पहिल्याच पानावर ठळक. युजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतच हे घुसलं होतं, २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा एक नमुना तपासला तर ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं दर्जाला न उतरणारी निघाली. त्याच वर्षी युजीसीने ४,३०५ जर्नलं काढून टाकली, मग पुण्यात बसून केअर लिस्ट नावाची नवी यादी बनवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पण बंद करून सांगितलं की आता तुमचं तुम्ही ठरवा. आता ठरवणार कोण, तर आमच्यासारख्या समित्या, ज्यांना एवढ्या वर्षांत कोणी पेपर वाचून ठरवायला शिकवलेलंच नाही. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहेत, ती खरा आकडा मागणारच. त्यामुळं टिपणात मी आकडा दिला, क्लॅरिव्हेटचाच दिला, आणि कसा तपासायचा तेही लिहिलं.

आणि मग तिथंच न थांबता, खरं तर खाज म्हणून, त्या जर्नलचा सगळ्यात गाजलेला पेपर कुठला ते शोधायला बसलो.

तो निघाला पहिल्याच वर्षाचा, २०१६ चा. जॉन हॅटी आणि ग्रेगरी डोनोह्यू यांचा. त्यांनी २२८ मेटा-अॅनालिसिस एकत्र केले, मेटा-अॅनालिसिस म्हणजे एकेकात पुन्हा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केलेले, आणि शिकायच्या चारशेहून जास्त पद्धती गोळा करून विचारलं की कुठली कधी चालते. यातला ‘कधी’ महत्त्वाचा. धडा पहिल्यांदा समजून घेताना जे कामाला येतं ते तोच धडा पक्का करताना येईल असं नाही, आणि शिकलेलं नव्या ठिकाणी वापरायला तिसरंच काहीतरी लागतं. आठवून लिहिणं, थोड्या थोड्या दिवसांनी परत येणं, हे पक्कं करायच्या पायरीवर जोरात चालतं. या पेपरवर टीकाही आहे, सरासरींच्या पुन्हा सरासरी काढल्या तर नक्की काय मोजलं म्हणायचं असं विचारणारे लोक आहेत आणि मला त्यांचं म्हणणं बरंच पटतं, नुकतंच कांद्यावर भाषण दिलंय म्हटल्यावर पटायलाच हवं.

पण मी अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. हा पेपर २०१६ चा. म्हणजे तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशोबात धरला जाऊ शकत होता तो फक्त २०१७ आणि २०१८ च्या आकड्यात. २०१९ पासून त्याला जगभरातून कितीही सायटेशन मिळो, जर्नलच्या त्या आकड्यात शून्य. दोन वर्षांची खिडकी बंद. आणि शिक्षणात दोन वर्षांत काय होतं सांगा ना मला? पेपर छापला, तो कोणीतरी वाचला, प्रशिक्षणात आला, शिक्षकाने एक सत्र करून बघितला, दुसऱ्या वर्षी बदलला... आपल्याकडं पुस्तक बदललं तरी पोरांच्या हातातला जुना गाईड बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो.

याच विषयातला एक प्रयोग आहे तो इथं चपखल बसतो, रोडिगर आणि कार्पिकी, २००६ (दुसऱ्या जर्नलमधला आहे, पण शिकण्याच्या विज्ञानात त्याला टाळून पुढं जाता येत नाही). पोरांच्या एका गटाने उतारा चार वेळा नुसता वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आले आणि आठवणारे ६१ वर. म्हणजे परीक्षा कधी घेता त्यावर कोण हुशार ते ठरतं. आता जे शास्त्र स्वतः सांगतंय की पाच मिनिटांच्या परीक्षेवर विश्वास ठेवू नका, त्याच शास्त्राच्या जर्नलला आपण दोन वर्षांच्या परीक्षेत बसवतो. मॅडमना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातली पोरं बघायला आली.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पण त्याच जर्नलमध्ये आहे. मार्च २०१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांचा पेपर आला, निवडून प्रवेश देणाऱ्या शाळांतल्या मुलांचे मार्क जास्त येतात त्यामागं शाळा किती आणि मुलं किती. निवडीच्या वेळचेच फरक, म्हणजे घरची परिस्थिती, आधीचे मार्क, बाजूला काढले तर १६ व्या वर्षीच्या मार्कांत शाळेच्या प्रकाराचा वाटा ७ टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली गेला. पेपरात जनुकांचाही भाग होता, त्यामुळं ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला, बातम्यांत किती आला ते मोजणाऱ्या आकड्यांत तो मोठा. पण तिथं बातमी आली म्हणून कोणी शाळा बदलली का? आणि आपल्याकडं कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांचे टॉपरचे फ्लेक्स बघताना हा पेपर कोणाला आठवतो का? क्लास आधी टेस्ट घेऊन हुशार पोरं निवडतो आणि नंतर त्यांचाच फोटो लावतो. गाजणं वेगळं आणि मुरणं वेगळं.

मुरणं कुठं दिसेल हे मला माहीत नव्हतं. ते योगायोगाने दिसलं.

आमच्या छात्राध्यापिकांची इंटर्नशिप दिंडोरी रोडच्या एका अनुदानित शाळेत चालू होती. मॅडमना पाठ निरीक्षणाला जायचं होतं, त्यांची गाडी बंद पडली म्हणून मी सोडायला गेलो आणि पाऊस थांबेना म्हणून आठवी ‘ब’च्या मागच्या बाकावर बसून राहिलो. छात्राध्यापिकेच्या तासाच्या आधी शाळेच्या गणिताच्या सरांची सात मिनिटं होती. सर आले, पुस्तकं बंद करायला लावली, फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं ‘उधारी’ आणि खाली तीन गणितं. मी शेजारच्या पोराला विचारलं हे काय रे, तर म्हणे सर, जुन्या धड्यांची उधारी, रोज फेडायची असते.

तीन गणितं तीन धड्यांची. एक विस्तार सूत्रांचं, एक सूट-कमिशनचं, आणि तिसरं, ८ मजूर एक द्राक्षबाग ९ दिवसांत छाटतात तर १२ मजूर किती दिवसांत छाटतील. वर धड्याचं नाव नाही, सरावसंचाचा नंबर नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने भराभर मांडलं, ९ गुणिले १२ भागिले ८, उत्तर साडेतेरा. पेन खाली ठेवलं. मग वहीकडं बघत राहिली, आणि स्वतःशीच पण चांगलं मोठ्याने म्हणाली, मजूर वाढवले आणि दिवस पण वाढले? मग आमचे पप्पा जास्तीचे मजूर बोलवतील कशाला? खाडाखोड केली, ८ गुणिले ९ भागिले १२, सहा दिवस. कडेला लिहिलं ‘व्यस्त’. त्याच मुलीने ‘चलन’ धड्याच्या सरावसंचात हे गणित सोडवलं असतं तर मागची चार गणितं व्यस्त चलनाचीच म्हणून पाचवं आपोआप बरोबर आलं असतं, आणि ती मजुरांवर थांबली नसती. मिसळून सराव द्यायचा फायदा हाच, कुठली रीत लावायची ते ठरवायची वेळ पोरांवर येते. अमेरिकेत रोहरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांत ७८७ मुलांवर हेच तपासलं, २०२० मध्ये छापलं, महिन्याने अचानक घेतलेल्या परीक्षेत मिसळून सराव केलेल्यांना ६१ टक्के आणि एका वेळी एकच प्रकार करणाऱ्यांना ३८. आपल्या जर्नलमध्ये पण २०२१ ला कॉलेजच्या फिजिक्सवर तसाच पेपर आहे. आणि बालभारतीच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत धड्याच्या शेवटी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतोच की, फक्त तो एकाच धड्यापुरता संकीर्ण, आणि बहुतेक वर्गांत पोर्शन संपवायच्या घाईत सुटलेला.

तास संपल्यावर सरांना विचारलं, ही उधारी कुठून काढली? सर म्हणाले, कोणाकडून तरी व्हॉट्सअॅपवर आली होती. मोबाइल काढला, गॅलरीत बरंच खाली जाऊन एक फोटो दाखवला. प्रोजेक्टरच्या पडद्याचा वाकडा फोटो, मराठीत तक्ता, ‘आधी समजून घेणे’, ‘पक्के करणे’, ‘दुसरीकडे वापरणे’, प्रत्येकाखाली पद्धती, आणि वर ‘२२८ प्रयोगांचा निष्कर्ष’. मला २२८ बघितल्याबरोबर शॉक बसला. प्रयोग नव्हे ते, मेटा-अॅनालिसिस, पण आकडा तोच. हॅटी-डोनोह्यूचा पेपर. आठवी ‘ब’च्या फळ्यावर. खाली ना जर्नलचं नाव, ना लेखकाचं, ना वर्ष.

मग मी दोन दिवस तेच केलं. सरांना तो फोटो त्यांच्या साडूंनी पाठवला होता, साडू सिन्नरकडं शिक्षक. साडूंना तालुक्याच्या ग्रुपवर मिळाला. ग्रुपवर ज्या बाईंनी टाकला त्यांना फोन केला, त्या म्हणाल्या सर, मी तो कार्यशाळेत काढलेला, २०१९ मध्ये, तुमच्याच कॉलेजात. मी म्हटलं कोणाच्या कार्यशाळेत? त्यांनी आमच्या मॅडमचं नाव घेतलं.

मॅडमना फोटो दाखवला. दोन मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अहो ही तर माझीच स्लाइड, पण खाली संदर्भ होता ना... आणि मग स्वतःच आठवून, नाही, मी काढला होता, ओळ फार बारीक दिसत होती प्रोजेक्टरवर. आणि २२८ प्रयोग? ते मेटा-अॅनालिसिस शिक्षकांना कळणार नाही म्हणून सोपं करून लिहिलं होतं. त्या पेपरच्या लायसनप्रमाणे तक्ता वापरायला, बदलायला, भाषांतर करायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त श्रेय द्यायचं असतं. नेमकं तेवढंच उडालं होतं.

तर हा सगळा इम्पॅक्ट. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून निघाला, गंगापूर रोडला मराठी झाला, सिन्नरमार्गे दिंडोरी रोडला ‘उधारी’ झाला, आणि एका मुलीने साडेतेरा खोडून सहा केलं. कुठल्याही डेटाबेसमध्ये याची नोंद नाही, होणारही नाही. आणि हेही सांगतो की सरांकडं कसलीही नोंद नाही, आधी किती मार्क होते, नंतर किती, ‘अ’ तुकडीशी तुलना, काहीच नाही, सर नुसतं म्हणतात की पोरं आता घाबरत नाहीत. त्यामुळं पद्धतीमुळं फरक पडला असं मी टिपणात लिहिलं नाही, सर मुळात चांगले आहेत आणि चांगल्या सरांच्या हातात काहीही चालतं, ही शक्यता मी तरी नाकारत नाही. मी एवढंच लिहिलं की कल्पना इथवर कशी आली आणि वाटेत काय काय गळालं. पेपर फुकट वाचायला होता म्हणून मॅडमना मिळाला हेही लिहिलं, कारण सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना (संस्थांना सरकारी खर्चाने जर्नलं वाचायला देणारी) १ जानेवारी २०२५ ला सुरू झाली, तीन वर्षांना ६,००० कोटी, जवळपास १३,००० जर्नलं, पण पहिल्या टप्प्यात ६,३०० च्या वर संस्था आहेत त्या सरकारी, आमच्यासारख्या खाजगी संस्थेच्या कॉलेजचा नंबर अजून लागलेला नाही.

असं लिहायला मी काही नवीन शोधलं नव्हतं. ब्रिटनमध्ये २०१४ च्या मूल्यमापनात विद्यापीठांना विद्यापीठाबाहेर काय बदल झाला त्याच्या केस लिहून द्याव्या लागल्या, जवळपास सात हजार केस आल्या, त्याला २० टक्के वजन होतं आणि २०२१ ला ते २५ केलं. तिथंही लोक कुरकुरतात, केस लिहायला माणसं नेमतात, जे सहज दाखवता येतं तेच लिहितात. पण निदान प्रश्न विचारला जातो.

दुसरी मीटिंग झाली तेव्हा पाऊस ओसरला होता. मी टिपण वाचलं, सहा पानं झालेली. साडेतेरा दिवसांच्या ठिकाणी सगळे हसले, प्राचार्य म्हणाले मुलगी कोणाची, बागाईतदाराचीच असणार. साडूच्या ठिकाणी परत हसले. मग ज्यांनी अडीचशेचा आकडा ऐकला होता ते सदस्य म्हणाले, सर फार छान, पण म्हणजे गुण वीसच ना? मी म्हटलं हो, वीसच. त्यांनी रजिस्टरमध्ये वीस लिहिलं. कार्यशाळेला मंजुरी मिळाली कारण तिला खर्च नव्हता, फीचा विषय पुढच्या मीटिंगला ढकलला, तो अजून ढकललेलाच आहे. मॅडमनी जर्नलला फीमाफीबद्दल विचारायचं ठरवलंय. माझं टिपण नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) तिसऱ्या निकषाच्या फाइलला लावा असं प्राचार्य म्हणाले, तर ते कुठल्या रकान्यात बसवायचं हे मी आणि आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे, सर अजून शोधतोय.

मी एक काम मात्र लगेच केलं. मॅडमकडून जुनी स्लाइड घेतली, २२८ पुढचं ‘प्रयोग’ काढून ‘मेटा-अॅनालिसिस’ केलं, कंसात त्याचा अर्थ दिला, आणि खाली दोन लेखकांची नावं, जर्नल, २०१६, सगळं नीट टाकून गणिताच्या सरांना पाठवली. म्हटलं निदान इथून पुढं तरी बरोबर फिरेल.

दहा मिनिटांत उत्तर आलं. आधी अंगठा, मग, ‘सर मस्त. पण खालची ओळ फारच बारीक येतेय, मागच्या बाकावरून दिसणार नाही. काढून टाकू का?’